पन्हाळा ते पावनखिंड 25 जण घेऊन जायचंय, वाडीतल्या लोकांना त्रास न होता कसं जमवायचं?

फुलेवाडी_नाका

नमस्कार मंडळी. मावसभाऊ पुण्यात आयटीत असतोय, त्याच्या ऑफिसातली पोरंपोरी आणि आमच्या तालमीतली सहा-सात जण असं मिळून साधारण 25 जण जुलैत पन्हाळा-पावनखिंड चालायचं म्हणायलेत. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापासनं सुरुवात, मसाई पठार, मधल्या कुठल्यातरी वाडीत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी खिंड. कोल्हापूरचा म्हणून सगळी सोय माझ्या गळ्यात.

आता भावाचा प्लॅन ऐका. सगळ्यांना सारखे टीशर्ट, ब्लूटूथ स्पीकर, ड्रोन, कोल्हापुरातनं टेम्पोतनं तांबडा-पांढरा आणि थर्माकोलच्या प्लेटी, आणि वाडीतल्या पोरांना वह्या-चॉकलेट वाटप, त्याचा व्हिडिओ. मी म्हटलं बाबा थांब जरा. मागं तिकडं गेलेलो तेव्हा एका मोठ्या ग्रुपच्या मागनं चालत होतो, ओढ्याच्या कडेला प्लेटी, पाण्याच्या बाटल्या, फाटकी रेनकोटं, सगळी वाट त्यांनीच आखून ठेवलेली, आम्हाला रस्ता विचारायची गरजच पडली नाही. तसलं आपल्या हातनं नको.

तर विचारायचं असं की राहायचं कुठं, जेवणाचं कसं करायचं, संडासचं काय, आणि हे वाटप-बिटप करावं का नको. गड-इतिहास माहीत हाय, त्यावर भाषण नको प्लीज 😄

भटकभवानी

पहिली गोष्ट, 25 एकदम नेऊ नकोस. दोन तुकड्या कर आणि दोन वेगळ्या वाड्यांत राहा, नाहीतर दोन वेगळ्या आठवड्यांत जावा. बारा-तेरा माणसं एका वाडीत सामावतात, 25 गेली की ती वाडी दोन दिवस तुमचंच करत बसते.

दुसरं म्हणजे तारीख. सगळ्यांना 12-13 जुलैच पाहिजे असतंय, नाहीतर आषाढी पौर्णिमेची तिथी, नाहीतर त्याच्या पुढचा-मागचा शनिवार-रविवार. मोठमोठ्या मोहिमा तेव्हाच असतात, हजारांनी माणूस असतं वाटेवर. त्यांना जाऊ दे, श्रद्धेनं जातात, त्याबद्दल काय बोलायचं नाही. खरं तू ऑफिसची पोरं घेऊन जातोयस, तर मंगळवार-बुधवार धर किंवा सरळ ऑगस्टच्या शेवटी जा. पाऊस तेव्हाबी असतोय, हिरवं तेव्हाबी असतंय, आणि चिखल गुडघ्यापर्यंत नसतोय. 50 किलोमीटरच्या वर चालणं हाय दोन दिवसांत, पुण्याची पोरं पहिल्या दिवशीच मसाईवर बसणार बघ.

थर्माकोलच्या प्लेटींवर 2018 पासनं महाराष्ट्रात बंदी आहे, हे भावाला आधी सांग. कागदी म्हणून ज्या मिळतात त्यांना आतनं प्लॅस्टिकचा पापुद्रा असतोय, त्याबी नकोत. प्रत्येकानं घरनं एक स्टीलचं ताट आणि वाटी आणायची, धुवायची आणि परत पिशवीत. टीशर्टाचे पैसे वाचवून ताटं घे सगळ्यांना, ती निदान घरी वापरली जातील.

तरवा

आमची वाडी ह्याच वाटेवर हाय. नाव लिहीत नाही, लिहिलं की पुढच्या रविवारी सगळी तिथंच येतील.

तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, बरेच जण विचारतच नाहीत. जुलै म्हणजे आमच्याकडं रोपलावण. मे-जूनमध्ये तरवा, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, टाकलेला असतोय, जुलैत पाऊस बसला की चिखलणी करायची आणि रोपं लावायची. माणूस सकाळी खाचरात उतरला की अंधार पडतानाच वर येतोय, बाया दिवसभर वाकून, डोक्यावर इरलं. आणि तुमची पावनखिंडीची वाट बऱ्याच ठिकाणी जाते कुठनं तर ह्याच खाचरांच्या बांधावरनं. बांध मातीचाच, त्यात पावसानं भिजून लोण्यासारखा झालेला. दोन-चार माणसं गेली तर काय होत नाही, खरं शंभर-दोनशे माणसं बूट घालून एकामागं एक गेली की माथा खचतो, मधनंच बांध फुटतो आणि वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात पडतं, त्याच्याबरोबर काल लावलेली रोपं उपटून वाहून जातात. शिवाय चिखल चुकवायला म्हणून पुढचा माणूस बांध सोडून खाचरात पाय टाकतोय, मागचे सगळे त्याच्याच पावलावर. त्याला वाटतं हे गवत हाय. ते आमचं वर्षाचं भात हाय हो.

म्हणून बांधावर एका ओळीनं चला, मध्ये अंतर ठेवून. बांधावर बसून फोटो काढू नका. चिखल आला तर चिखलातनंच जावा, बूट धुता येतोय. बांध कुठं फुटलेला दिसला तर शेजारच्या खाचरात कोण ना कोण असतंयच, त्याला हाक मारून सांगा, तो दहा मिनिटांत खोऱ्यानं बुजवतो. संध्याकाळी कळलं तर रातभर पाणी जातंय.

जेवणाचं. कोल्हापुरातनं टेम्पो आणू नका. आठवडाभर आधी फोन करा, किती जण ते नक्की सांगा, शाकाहारी किती ते सांगा. भात-आमटी, नाचणीची भाकरी, झुणका, खर्डा, एखादी रानभाजी असली तर ती, एवढं मिळतंय आणि पोटभर मिळतंय. रात्री नऊला भिजून यायचं आणि चिकन हाय का विचारायचं, असली माणसं बघितल्यात आम्ही. बाई दिवसभर रोप लावून आलेली असतीय हे डोक्यात ठेवा, सातपर्यंत पोचा. 25 सांगून 18 आला तर 25 चे पैसे द्या, कारण तांदूळ 25 चाच शिजलेला असतोय. आणि रेट आधीच ठरवा, जेवून झाल्यावर घासाघीस नको.

पैसे जिनं रांधलं तिच्या हातात द्या. मधला माणूस, मग तो पुण्याचा असूदे नाहीतर आमच्याच गावचा, तो माणशी किती घेतोय आणि चुलीपर्यंत किती पोचतंय ह्यात लई फरक असतोय. एका घरात 25 झेपत नाहीत, तीन-चार घरांत वाटून जेवा, म्हणजे पैसाबी वाटून जातोय आणि वाडीत भांडणं लागत नाहीत. हो, लागतात भांडणं, ह्याच्याच घरी का गेले म्हणून वर्षभर बोलत नाहीत एकमेकाशी.

चॉकलेट वाटू नका. पोरं शाळा सोडून पावसात वाटेवर उभी राहायला लागलीत, ट्रेकवाला दिसला की हात पुढं. आम्हाला ते बघवत नाही. वह्या द्यायच्याच असतील तर शाळेत गुरुजींना आधी फोन करून विचारा काय पाहिजे, आणि व्हिडिओ न काढता द्या. जुनी कपडे तर अजिबात नकोत, इथं कोण उघडं फिरत नाही.

गप्प_बस_की

बापरे. एवढं सगळं पाळायचं तर माणसानं घरीच बसावं की. हजारो लोक जातात, तुमच्या 25 जणांनी असा काय फरक पडणार हाय. आणि गावाला पैसा मिळतोयच ना पर्यटनानं, नाहीतर तिकडं होतं काय. उगंच सगळ्या गोष्टीत अपराधी वाटून घ्यायची फॅशन झालीय आता.

तरवा

@गप्प_बस_की घरी बसा असं कोण म्हटलं? या की. आम्हाला येणाऱ्याचा राग नाही, भात-आमटीचे पैसे आम्हालाबी पाहिजेत. 25 जणांनी फरक पडत नाही म्हणताय, मोसमात रोजचे असे चार ग्रुप येतात आणि चारी जण हेच म्हणतात.

कातळफुल

जेवणाखाण्याचं वर आलंच आहे, मी फक्त मसाई पठाराबद्दल बोलतो, बॉटनी केलंय म्हणून राहवत नाही.

मसाई म्हणजे जांभ्याचा कातळ. त्याच्यावर माती कुठं चार बोटं, कुठं तेवढीपण नाही. जूनच्या पावसात तिथं बी रुजतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं येतात, गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू, सोनकी, कवला. ह्यातली बरीचशी एका पावसाची पाहुणी, म्हणजे बी पडायच्या आधी तुडवली गेली तर त्या जागेला पुढच्या वर्षी तेवढं बी कमी. आता गंमत बघा, सप्टेंबरात फुलं दिसतात म्हणून लोक निदान जपून पाय टाकतात, काहीजण तरी. जुलैत तिथं नुसतं हिरवं बारीक दिसतं, म्हणून सगळे समजतात मोकळं मैदान आहे, क्रिकेट खेळा, लोळा, गाड्या फिरवा. खरं नुकसान तेव्हा होतं.

सीतेची आसवे कधी जवळनं बघितलीत का? गुडघ्यावर बसून बघा, वाटेच्या कडेला पण सापडतात. वर इवलंसं निळं-जांभळं फूल, आणि खाली पाण्यात-चिखलात बारीक बारीक पिशव्या, डोळ्याला धड दिसत नाहीत एवढ्या, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात आणि झाड ते पचवतं. कातळावर नत्र मिळत नाही म्हणून झाडानं काढलेली ही युक्ती. दवबिंदूच्या पानावर चिकट थेंब असतात त्यांचंही तेच काम. असल्या झाडावरनं जीपचं टायर एकदा गेलं की चाकोरी पडते, त्यात पाणी साचतं, माती दाबली जाते आणि तिथं परत ते झाड यायला फार वेळ लागतो. वर्षानुवर्षं त्याच चाकोऱ्या दिसतात मला.

मसाई पठार आता वनखात्याचं संवर्धन राखीव क्षेत्र आहे, म्हणजे तसंही काहीही चालतं अशी जागा राहिलेली नाही. कास बघा, 2012 ला जागतिक वारसा झालं आणि मग गर्दी एवढी वाढली की बुकिंग करून, रोजच्या माणसांवर मर्यादा घालून सोडायची वेळ आली. मसाईवर ती वेळ आणायची का हे आपल्याच हातात आहे.

करायचं एवढंच की मळलेली पायवाट सोडायची नाही. जुलैत वर धुकं असतं, दहा फुटावरचा माणूस दिसत नाही, त्यामुळं एका ओळीत चाललात तर कोण चुकणार पण नाही. पठारावरची डबकी बेडकांची आणि त्यांच्या पिल्लांची असतात, त्यात बूट धुवू नका, साबण तर नाहीच. बेडूक कातडीतनं पण श्वास घेतो, अंगाला फासलेलं डासांचं क्रीम त्या पाण्यात उतरलं की त्याला ते बाधतं. आणि स्पीकर. धुक्यात स्पीकर लावणाऱ्याला काय म्हणावं मला कळत नाही, शांतता ऐकायलाच तर आपण वर जातो ना.

फुलेवाडी_नाका

लई भारी माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. भावाला हे सगळं पाठवलं. तो म्हणतोय तुकड्या करायला तयार, टेम्पोचं जेवण कॅन्सल, स्पीकरबी नको म्हणाला (बायकोनंच नको म्हटलं खरंतर). ड्रोनवर मात्र अडून बसलाय.

आणि संडासचं कोणच बोललं नाही अजून 😅 पोरीबी आहेत ग्रुपमध्ये, लाजून चालणार नाही.

भटकभवानी

ड्रोन विसर म्हणावं. पन्हाळा पुरातत्त्व खात्याचं संरक्षित ठिकाण, त्यात जुलै 2025 ला इतर 11 किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलाय, तिथं परवानगीशिवाय उडवला तर जप्त होईल. पठारावर वनखातं. आणि वाडीवर उडवला तर बाया रोप लावत असतात, कुणाच्या तरी अंगणावर कॅमेरा फिरवायचा हक्क कुणी दिला?

संडासचं मी सांगते. सकाळचं मुक्कामाच्या घरीच उरकायचं, आणि हे फोनवर ठरवतानाच विचारायचं की वापरता येईल का, किती जणांना येईल. त्याचे जास्तीचे पैसे द्यायचे, पाणी आपण भरून ठेवायचं. 12 माणसांना एक संडास म्हणजे पहाटे पाचला रांग लावायची तयारी ठेवा, दुसरा इलाज नाही, म्हणून तर म्हणाले 25 नकोत. पठारावर जायचंच नाही, तिथं खड्डा काढायला मातीच नाही, जे काय कराल ते पावसानं सरळ खालच्या झऱ्यात. रानात अगदीच वेळ आली तर ओढ्यापासनं, झऱ्यापासनं, वाटेपासनं निदान 60-70 पावलं लांब, वीतभर खड्डा, वर माती. ओले वाइप्स मातीत पुरायचे नाहीत, ते कुजत नाहीत, कापडासारखे तसेच राहतात. ते आणि पॅड कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत घालून परत आणायचे. प्रत्येक पोरीला आधीच एक-एक काळी पिशवी देऊन ठेव म्हणजे कुणाला मागायला लाजायला नको.

तरवा

हे बरं झालं काढलंत. आमच्या वाडीला पाणी वरच्या झऱ्यातनं पाइपानं येतंय, प्यायला तेच. वरनं येणारी वाट त्या झऱ्याच्या बाजूनंच हाय. माणसं तिथंच तोंड धुतात, तिथंच बूट, आणि जरा आडोसा बघून बाकीचंबी. मग आठवडाभर पोरांची पोटं बिघडलेली. पाइप दिसला की समजायचं वर कुणाचंतरी पिण्याचं पाणी हाय.

देवळात झोपायचं असलं तर आधी विचारा, दारू-मटण आत न्यायचं नाही. आणि भातलावणी चाललेली असताना बायांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. विचारलं तर नाही म्हणत नाहीत, हसून उभ्या राहतात.

दाजीपूर_फाटा

थोडं वेगळं बोलतो. 25 जणांतली निम्मी माणसं कधी चालली नसतील, त्यांना पावनखिंडच का? जुलैत सगळ्या जिल्ह्याचं माणूस त्या एका वाटेवर. थोडी पोरं पाटगावला घेऊन जा, ऑक्टोबरनंतर. मौनी महाराजांचा मठ, वेदगंगेचं धरण, आणि मधाचं गाव म्हणून ते गाव उभं राहिलंय. सातेरी जातीच्या मधमाशांच्या पेट्या ठेवतात लोक, मध पेटीतनं कसा काढतात ते बघायला मिळतंय आणि तिथंच विकत घेतला तर पैसा पाळणाऱ्याला जातोय. मध टिकायचा तर जंगल टिकलं पाहिजे, म्हणून तिथल्या लोकांना जंगलाची राखण कुणी शिकवावी लागत नाही.

राधानगरी-दाजीपूरला पावसाळ्यात येऊ नका, अभयारण्य बंद असतंय. 1958 पासनंचं अभयारण्य हाय आमचं, त्याआधी शाहू महाराजांच्या काळात शिकारीसाठी राखलेलं रान. लोक म्हणतात गवा दाखवा. गवा दिसला तर गाडीत बसून बघा, खाली उतरून सेल्फी नको, तो दिसतो तेवढा गरीब नसतोय.

आणि काजव्यांचं सांगतो कारण दरवर्षी मे अखेरीला हीच बोंब असते. नर चमकतोय मादीला दिसावं म्हणून, मादी खालनं तिच्या परीनं उत्तर देतीय. त्यात तुमच्या गाडीचा हेडलाइट आणि मोबाइलचा टॉर्च आला की त्यांना एकमेकाचं दिसत नाही. प्रौढ काजवा थोडेच दिवस जगतोय, त्यातल्या एका रात्रीचा तुम्ही रीलसाठी बट्ट्याबोळ केला तर काय राहिलं? गाडी लांब लावायची, टॉर्चला लाल कागद, आणि उभं राहून बघायचं. फोटोत तसाही नीट येत नाही.

गप्प_बस_की

बरं बाबा. झऱ्याचं आणि पोटाचं मला माहीत नव्हतं. खरं एक प्रश्न, सगळा कचरा परत आणायचा म्हणताय तो आणायचा कुठं? वाडीत डस्टबिन ठेवला असला तर त्यात टाकला की झालं ना?

भटकभवानी

नाही ना. वाडीत घंटागाडी येत नाही. डस्टबिन भरला की त्याचं करायचं काय, जाळायचा नाहीतर ओढ्यात. तिथला ओढा कासारी नदीत, कासारी प्रयाग चिखलीच्या संगमाला, तिथनं पंचगंगा. रंकाळ्यावर उभं राहून पंचगंगेच्या प्रदूषणावर स्टेटस टाकणाऱ्यांनी वेफर्सचं पाकीट परत आणायला काय हरकत आहे. दोन जणांना एक पोतं द्यायचं, कोल्हापुरात आणायचं, आपल्या घंटागाडीत टाकायचं. वेफर्स-बिस्किटं आधीच घरी डब्यात काढून न्या, म्हणजे पाकीटच नाही. भडंग, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू न्या की कापडी पिशवीतनं. आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, वाडीत उकळलेलं पाणी मागा, देतात.

फुलेवाडी_नाका

ठरलं. 13 जण ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मधल्या वारी पावनखिंड, बाकीचे दिवाळीनंतर पाटगाव. सीबीएसवरनं (कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक) पन्हाळा एसटीनं, येताना पांढरेपाणी गावातनं मलकापूरला येऊन तिथनं एसटी. भाऊ म्हणाला ट्रॅव्हल्सच करूया, मी म्हटलं एसटीत बसून बघ, शाहूवाडीची माणसं भेटतील गप्पा मारायला.

@तरवा दादा, ऑगस्टअखेर बांधावरनं चालायला हरकत नाही ना? आणि फोन कुणाला करायचा तेवढं मेसेज करा.

तरवा

ऑगस्टअखेर रोपं मूळ धरलेली असतात, बांध जरा बसलेला असतोय. तरी एका ओळीनंच या. भांगलण (तण काढणं) चाललेली असेल तेव्हा, बाया शेतातच असतील, म्हणून सातचं लक्षात ठेवा. जळवा असणार, पायाला हळद-तंबाखू लावून या, ओढून काढू नका, सुटते आपोआप. नंबर मेसेज केलाय, तो आमच्या वहिनीचा हाय. फोन रात्री आठनंतर करा, दिवसा रेंज डोंगराच्या पलीकडं असते.